डावीकडे कोण बसलं होतं

रजनी वाकणकर गाडी चालवायला शिकली ती पंचेचाळिसाव्या वर्षी, नवरा गाडीच्या अपघातात गेल्यानंतर दोन वर्षांनी. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधल्या आम्हा मराठी बायकांना तेव्हा ते जरा विचित्रच वाटलं होतं. मी तिला तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "सुनीतीताई, मला बघायचंय, चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी नेमकं काय चालू असतं."

मी तिला ओळखते, ती नाशिकहून इथं आली तेव्हापासून. तिचा नवरा गुरुदत्त खिदिरपूरला एका जहाजकंपनीत होता. तिनं बँकेतून बदली मागून घेतली आणि तिघं आमच्या ब्लॉकमध्ये राहायला आली. मुलगा प्रथमेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. गुरुदत्त उंच, मिशाळ, मोठ्यानं हसणारा. बाजारात मासेवाल्याशी बंगालीत भांडायला तो आमच्या सगळ्यांच्या आधी शिकला. आमच्या मराठी मंडळाच्या सहलीला बसमध्ये पोरांना मागच्या सीटवर घेऊन भेंड्या खेळायचा आणि मुद्दाम हरायचा.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, तो आणि त्याचा ऑफिसमधला मित्र हेमंत गुर्जर बशीरहाटच्या बाजूला गेले होते. ऑफिसमधल्या कुणाची तरी तिकडं बागानबाडी होती, म्हणजे बागेतलं सुट्टीचं घर. दुपारचं जेवण होतं. गाडी गुरुदत्तची. परत येताना दुपारी तीनच्या सुमारास गाडी रस्त्याकडेच्या शिरीषाच्या झाडावर आदळली. गुरुदत्त हॉस्पिटलच्या वाटेवरच गेला. हेमंतरावांना उजव्या भुवईच्या वर सात टाके पडले, बाकी काही नाही.

काय झालं ते सांगायला एकच माणूस उरला होता आणि त्यानं सांगितलं. निमतल्याच्या स्मशानघाटावर, डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत, हेमंतराव आम्हा सगळ्यांसमोर रडत म्हणाले, "त्यानं घेतली होती हो. मी हातसुद्धा लावला नव्हता. दोनदा किल्ली मागितली. पण गुरू किल्ली देईना."

गुरू किल्ली देईना. एवढं एक वाक्य. पण ते आमच्या मंडळात, ऑफिसात, शेजारीपाजारी सगळीकडे फिरलं. चांगला माणूस होता, पण हट्टी. चांगला होता, पण पिऊन चालवत होता. रजनीला भेटायला येणारी बाई आधी तिचा हात धरायची आणि मग खाली मान घालायची. दुःखाबरोबर तिच्या वाट्याला ही लाजही आली.

हेमंतरावांनी मात्र तिला फार सांभाळलं, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. कागदपत्रं त्यांनी केली. प्रथमेशला परीक्षेच्या केंद्रावर सोडायला ते जायचे. ते स्वतः गाडी चालवत नसत. ड्रायव्हर ठेवला होता. "गुरू गेल्यापासून स्टिअरिंगला हात लावावासा वाटत नाही," असं म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. रजनीला भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीला ते बायकोला, देवयानीला, घेऊन आले आणि पाटावर बसले. तेव्हापासून दर भाऊबीजेला रजनी त्यांना ओवाळायची. भुवईवरच्या त्या व्रणाच्या शेजारी कुंकवाचा टिळा लावायची. प्रथमेश त्यांना हेमंतमामा म्हणायला लागला.

आणि बापाचा फोटो त्यानं आपल्या खोलीतून बाहेर आणून ठेवला. पंधरा वर्षांचा होता तेव्हा. "किल्ली द्यायची होती ना," एवढंच म्हणाला. तो इथंच वाढलेला, घरात मराठी, बाहेर बंगाली आणि हिंदी. बोलताना अडखळतो, म्हणून थोडक्यात बोलतो. पुढं नोकरी लागली, सॉल्ट लेकच्याच सेक्टर फाइव्हला. मित्र गाड्या घ्यायला लागले, हा चालवायला शिकायलासुद्धा तयार नाही.

हे सगळं नऊ वर्षं असंच चाललं.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, मंडळानं ठरवलं की फेब्रुवारीतली सहल स्ट्रॉबेरीच्या शेतात न्यायची. बेडाचाँपाच्या पुढं कुणीतरी तीन-चार वर्षांपासून स्ट्रॉबेरी लावली होती. लोक जाऊन स्वतः तोडतात, खातात, घरी आणतात. जागा आधी बघून यायचं काम रजनीकडे आलं, कारण गाडी चालवणारी आणि रविवारी मोकळी असलेली तीच. रस्ता तोच होता. नऊ वर्षं ती त्या रस्त्यावर गेली नव्हती. ती मला म्हणाली, "जाऊन येते. किती दिवस टाळणार?"

संध्याकाळी ती परस्पर माझ्याकडे आली. चप्पल न काढता आत आली, हे मला आधी जाणवलं. खुर्चीवर बसली आणि एका दमात सगळं सांगितलं. मी ते जसं ऐकलं तसं लिहिते.

परतीच्या वाटेवर तिला ते झाड दिसलं. बुंध्याची साल एका बाजूनं अजून नव्हती. समोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी. रजनीनं गाडी लावली आणि चहा मागितला. टपरीवाली पन्नाशीची, नाव संध्या मंडल. रजनी झाडाकडे बघतेय म्हणताना संध्या आपणहून सांगायला लागली. इथं एक मोठा अपघात झाला होता. कलकत्त्याचे दोन बाबू होते. आवाज ऐकून ती आणि तिचा नवरा धावले. डावीकडचं दार आत चेपलं होतं, उघडेना, म्हणून नवऱ्यानं दगडानं काच फोडली आणि त्या माणसाला ओढून बाहेर काढलं. संध्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं पाणी मागितलं. दोन घोट प्यायला.

"आणि दुसरा?" रजनीनं विचारलं.

"तो चालवत होता ना. उजवीकडून आपल्या पायांनी उतरला. कपाळातून रक्त येत होतं. तिथं, त्या मैलाच्या दगडावर बसून फोन करत होता."

रजनीनं तिला पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मेला तो कुठं बसला होता? संध्या जरा चिडूनच म्हणाली, "बाँ दिके, दीदी, बाँ दिके! डावीकडे. मिशीवाला. मी माझ्या हातांनी काढला, मला विचारता?" पोलिसांना हे सांगितलं का? सांगितलं होतं. पण तो दुसरा बाबू त्यांच्याशी इंग्रजीत बोलला, आणि नंतर हिला कुणी काही विचारायला आलं नाही.

"सुनीतीताई," रजनी मला म्हणाली, "गुरूनं किल्ली दिली होती. प्यायला होता म्हणून शहाण्यासारखी दिली होती. आणि मी नऊ वर्षं त्याच्या फोटोसमोर उभी राहून त्याला विचारतेय, किल्ली द्यायला काय झालं होतं रे तुला."

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी त्या माणसाला ओवाळलंय. नऊ वेळा. आता मी त्याला सोडणार नाही."

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता जाऊन विचार. ती म्हणाली, "घरी विचारलं तर तो रडेल, माझे पाय धरेल, आणि ते चार भिंतींत राहील. खोटं तो सगळ्यांसमोर बोललाय."

पुढचा महिनाभर तिनं कुणाला काही कळू दिलं नाही. हेमंतराव मंडळाचे अध्यक्ष. सहलीच्या बैठकांना ती त्यांच्या शेजारी बसायची, यादी करायची, चहा द्यायची. संक्रांतीला त्यांच्या घरी जाऊन तिळगूळ दिला. मी बघत होते आणि मला तिची भीती वाटत होती. एकदा न राहवून मी विचारलं, "काय करणार आहेस तू?" ती म्हणाली, "त्यांना डावीकडं बसवणार आहे."

सहलीच्या दिवशी बाकीचे लोक मंडळानं केलेल्या बसनं निघाले. हेमंतरावांच्या ड्रायव्हरला सुट्टी होती, तर रजनी म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला ना, हेमंतभाऊ. तुम्ही पुढं बसा, ऐसपैस." मागं देवयानी, मधे मी आणि खिडकीशी प्रथमेश. सकाळी आठला आम्ही न्यूटाऊनच्या बाजूनं बाहेर पडलो.

उंच इमारती संपल्या की तिकडं एकदम पाणी सुरू होतं. दोन्ही बाजूंना भेडी, म्हणजे मासे पाळायची मोठी तळी, त्यांच्या कडेनं बगळे. मग वीटभट्ट्यांची धुराडी, मग मोहरी. शेवग्याला पांढरा फुलोरा आला होता. खजुरांच्या बुंध्यांना रसासाठी केलेल्या खाचा दिसत होत्या. देवयानी खुशीत होती. डब्यात नोलेन गुडाचे सोंदेश, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची मिठाई, आणलेत म्हणाली. हेमंतराव महाबळेश्वरच्या गोष्टी सांगत होते. रजनी अगदी बेतानं चालवत होती. पुढं बॅटरीवरची टोटोरिक्षा आली की शांतपणे मागं राहायची.

"हेमंतभाऊ, पट्टा नीट लावलात ना?" तिनं मधेच विचारलं.

"लावलाय की."

"बघा हं. डावीकडच्या माणसाचं काही खरं नसतं."

ते हसले, पण जरा उशिरा हसले. बेडाचाँपा मागं पडलं. रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना जुनी शिरीषाची झाडं. आणि तिथं रजनीनं वेग वाढवला. सत्तर, मग ऐंशी. मला खरंच वाटलं की ही आता आम्हा पाचही जणांना घेऊन जाणार. पोटचा पोरगा मागं बसलाय, एवढंच एक मी स्वतःला बजावत होते. हेमंतरावांनी खिडकीवरची कडी घट्ट पकडली. ते सालपट निघालेलं झाड उजव्या बाजूनं येऊन मागं गेलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मान फिरवून डावीकडे, खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं वेग कमी केला आणि म्हणाली, "रस्ता चांगला केलाय हो आता."

शेत छान होतं. लांबच लांब वाफे, त्यांवर काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्याच्या भोकांतून वर आलेली रोपं आणि पानांखाली लालभडक फळं. शेताच्या मालकांनी सगळ्यांना पुठ्ठ्याचे खोके दिले आणि दाखवलं की फळ ओढायचं नाही, देठ नखानं खुडायचा. आमची मंडळी खोक्यात कमी आणि तोंडात जास्त टाकत होती. "महाबळेश्वरची सर नाही," असं म्हणत प्रत्येकानं पोटभर खाल्ली. रजनी एकटीच एका वाफ्यावर वाकून खुडत होती. भराभर, एकही फळ न चेपता. तिनं दोन खोके भरले. मी जवळ गेले तर म्हणाली, "आता बोलतील बघा. प्रत्येक सहलीला बोलतात."

आणि खरंच, जेवणं झाल्यावर हेमंतराव बोलायला उभे राहिले. आभार वगैरे झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तरुण मंडळींना एकच सांगायचंय. आमचा गुरू याच रस्त्यावर गेला. रजनी इथं आहे, तिच्यासमोर सांगतो, कारण ती धीराची आहे. मी त्या दिवशी किल्ली मागितली होती. त्यानं दिली असती, तर आज तो आपल्याबरोबर स्ट्रॉबेरी खात असता. पोरांनो, घेतली असेल तर किल्ली द्या. हट्ट करू नका."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. मी प्रथमेशकडे पाहिलं. तो मातीकडे बघत बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडत होता. रजनीनं टाळ्या वाजवल्या. त्या शांततेत तिच्या एकटीच्याच टाळ्या ऐकू आल्या.

चारच्या सुमारास आम्ही परत निघालो. बस पुढं गेली होती. झाडाजवळ येताच रजनीनं गाडी रस्त्याकडेला घेतली आणि बंद केली. "चहा घेऊ," म्हणाली.

"इथं कशाला?" हेमंतराव म्हणाले. "पुढं बारासातला चांगली दुकानं आहेत."

"इथलाच घेऊ. उतरा."

सगळे उतरलो. टपरीवर संध्या होती. तिनं रजनीला ओळखलं, हसली, आणि मग तिची नजर हेमंतरावांच्या कपाळाकडे गेली आणि तिथंच राहिली. रजनी गाडीला वळसा घालून त्यांच्या समोर आली. त्यांचा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावर किल्ली ठेवली.

"परत जाताना तुम्ही चालवा."

"अगं, मी चालवत नाही, तुला माहीत आहे."

"शेवटची कधी चालवली होती?"

हेमंतरावांनी किल्ली परत पुढं केली. तिनं घेतली नाही.

"मी सांगते. इथं. गुरूनं अशीच किल्ली तुमच्या हातात दिली होती. दिली होती की नाही?"

"रजनी, काय बोलतेस तू? कुणी काय सांगितलं तुला?"

रजनीनं संध्याला बंगालीत विचारलं, गाडी कोण चालवत होतं? संध्यानं किटली खाली ठेवली आणि बोट केलं. काही म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. पण ती म्हणाली. डावीकडचा मेला, हा उजवीकडून उतरला, तिथं त्या दगडावर बसला. तोच हा.

प्रथमेश पुढं आला. "हेमंतमामा, ही काय बोलतेय?"

आणि तेव्हा देवयानी मधे पडली. रजनीचा दंड धरून म्हणाली, "रजनी, अगं, पोरासमोर नको. घरी जाऊन बोलू. झालं ते झालं."

रजनीनं तिच्याकडे बघितलं. मला आठवतं, त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला. हे तिला अपेक्षित नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं, वहिनी," ती हळू म्हणाली. "ओवाळणीचं ताट तुम्ही माझ्या हातात द्यायचात."

देवयानीनं हात सोडला.

हेमंतराव बाकावर बसले. हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणाले, "फोन आला होता. मी फोनकडे बघितलं. एक सेकंद. मग हे झाड. मी फार घाबरलो होतो गं. नोकरी, पोलीस, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि तो गेलाच होता. त्याला आता काय फरक पडणार होता?"

"तो गेला नव्हता," रजनी म्हणाली. "तुम्ही फोन करत होतात तेव्हा तो ह्या बाईच्या मांडीवर पाणी मागत होता."

ते रडायला लागले. खाली वाकून तिच्या पायांकडे हात नेला. ती मागं सरली. "ते नको. ते मला नकोय. पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात उभे राहा आणि सगळ्यांसमोर सांगा. जिथं खोटं बोललात तिथं खरं बोला. नाही बोललात, तर मी ह्या संध्याला घेऊन येईन. ती बंगालीत सांगेल आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगेन."

"मी राजीनामा देतो. आम्ही कलकत्ता सोडून जातो. तू म्हणशील ते करतो, पण हे नको."

"हेच."

तिनं त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली. डिकी उघडली, त्यांचे स्ट्रॉबेरीचे दोन खोके आणि सोंदेशचा डबा बाहेर काढून बाकावर त्यांच्या शेजारी ठेवला. "बारासातची बस इथंच थांबते," म्हणाली. आम्ही तिघं गाडीत बसलो. मी मागं वळून पाहिलं. देवयानी उभी होती, हेमंतराव बसलेले होते, दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

राजारहाट जवळ आल्यावर प्रथमेश म्हणाला, "तू पण मानलंस ना, आई."

"काय?"

"तो बोलला आणि तू मानलंस. मी चौदा वर्षांचा होतो. तू बाबांची बायको होतीस. तुला तर माहीत असायला हवं होतं ना, बाबा कसे आहेत?"

मी मागून तिचे हात बघत होते. स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडली होती. तिच्या त्या सगळ्या संतापात एक वाटा तिचा स्वतःचा होता आणि तो पोरानं बरोबर दाखवला. दीडेक महिना तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. पण बापाचा फोटो त्यानं त्याच रात्री परत आपल्या खोलीत नेला.

पाडवा तीस मार्चला आला. हॉल भरला होता. मला वाटलं हेमंतराव येणारच नाहीत. आले. गुढीची पूजा झाली, मुलांची गाणी झाली, मग ते माइकपाशी गेले आणि खिशातून कागद काढला. "दोन हजार सोळा सालच्या दुर्दैवी घटनेबाबत," ते वाचायला लागले, "काही गैरसमज निर्माण झाला होता, त्याचा खुलासा..."

तिसऱ्या रांगेतून रजनी उठली. "गैरसमज नव्हता. खोटं होतं."

हेमंतरावांनी घाम पुसला. "काही... चुकीची माहिती माझ्याकडून..."

"खोटं," रजनी म्हणाली. "तो शब्द म्हणा. आणि पुन्हा पहिल्यापासून वाचा."

त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि न वाचता सांगितलं. मी खोटं बोललो. गाडी मी चालवत होतो. गुरुदत्तनं मला किल्ली आपणहून दिली होती. मी एकदाही मागितली नव्हती. त्यांचा आवाज शेवटी ऐकू येईनासा झाला, तर रजनी म्हणाली, "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही." त्यांनी ते वाक्य परत म्हटलं. मागच्या रांगेत देवयानी बसली होती.

तुम्हाला वाटेल की मग सगळे रजनीच्या बाजूनं झाले. तसं झालं नाही. त्याच दुपारी जेवणाच्या रांगेत मी ऐकलं, एवढं ताणायला नको होतं. माणसानं कबूल केलं, अजून काय हवं. नऊ वर्षं त्यांनी किती केलं तिच्यासाठी, ते विसरली. काही बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. मी एकीला विचारलं, गुरुदत्तला दारुडा म्हणताना तू ताणलं नव्हतंस का? ती आता मलाही बोलवत नाही.

रजनीनं पोलिसांतही अर्ज दिला. वकील म्हणाले, जुनं प्रकरण आहे, बंद झालेलं आहे, फार आशा ठेवू नका. तिनं आशेचं काही विचारलंच नव्हतं. संध्याचा जबाब लिहून घेतला, अंगठ्याऐवजी तिनं स्वतःची सही केली. तारखा पडतायत. रजनी प्रत्येक तारखेला रजा काढून जाते.

प्रथमेश हळूहळू बोलायला लागला. एक दिवस त्यानं तिला विचारलं, बाबा गाडीत काय बोलायचे? मग ती त्याला सांगत बसली, दोन-तीन तास, आणि मला फोन करून म्हणाली की किती गोष्टी तिनं स्वतःही नऊ वर्षांत आठवल्या नव्हत्या. तिनं त्याची माफी मागितली. त्यानं माफ केलं की नाही ते तिनं मला सांगितलं नाही.

जूनमध्ये गुर्जर मंडळी कलकत्ता सोडून गेली. पुण्याला मुलीकडे, असं कळलं. हेमंतरावांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. जायच्या दिवशी कुणी निरोपाला गेलं नाही, म्हणजे आम्ही तसं समजत होतो. चार दिवसांनी रजनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी गेले होते."

"कशाला?"

"बघायला. रजा घेतली. सकाळी नऊपासून त्यांच्या बिल्डिंगसमोर उभी होते. सामान भरायला दुपार झाली. सोफा, कपाटं, कुंड्या, सगळं टेंपोत चढेपर्यंत उभी राहिले. देवयानीनं गॅलरीतून मला पाहिलं. आत गेली आणि परत बाहेर आली नाही. ते खाली आले, टॅक्सीत बसले. त्यांनीही पाहिलं."

मी तिला चहा दिला. माझ्या मनात होतं की आता तरी ती म्हणेल, काही उपयोग नाही हो, गुरू थोडाच परत येणार. माणसं शेवटी असंच काहीतरी म्हणतात.

मी विचारलं, "मग? बरं वाटलं?"

"हो," रजनी म्हणाली. तिनं चहात बिस्किट बुडवलं. "फार बरं वाटलं."